एका रविवारी एक दरवाजा

घटस्फोट न मानणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. पण घटस्फोट झाला हे पूर्णपणे मान्य करून, त्यातला आपल्या वाट्याचा भाग तेवढा नामंजूर करणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझ्या पूर्वीच्या बायकोचा मामा आहे. मी त्यांना मामाजी म्हणायचो, अजूनही म्हणतो. कोर्टाचा निकाल लागून दोनेक महिने झाले असतील. अमरावतीच्या माझ्या घरात, जे आधी दोघांचं होतं आणि आता एकट्याचं झालं होतं, मी रविवारी सकाळी झोपलो होतो. साडेसहाला फाटकाची कडी वाजली. डोळे चोळत बाहेर आलो तर मामाजी. उंच, काटकुळे, पांढरा फुल शर्ट, बाह्यांची बटणं मनगटाशी घट्ट लावलेली, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेली एक निळी रेक्झिनची पिशवी, जणू आत कुणाचं तान्हं बाळ आहे. अकोल्याहून पहाटेच्या पहिल्या बसनं आले होते. कसे आहात नाही, बरे आहात ना नाही. थेट विचारलं, "जवाईबापू, नळ आला का?"

मी चाचरत म्हणालो, "मामाजी, तसा आता मी जावई..."

"मालूम हाय मले," ते फाटक स्वतःच उघडत म्हणाले. "कागद वाचला म्या. पूर्ण वाचला. त्यात तुमचं नाव हाय, वैशूचं नाव हाय. माहं नाव कुठीच नाई. मंग माह्यासंगं कायचा घटस्फोट?" आणि पिशवीतून गाडीला पॉलिश करायचं मशीन काढून त्यांनी त्याची वायर माझ्या हातात दिली. वकिलाला एवढे तास बोलू दिलं, पण हा मुद्दा त्याला काही सुचला नव्हता.

हे मशीन म्हणजे मामाजींचा देव. त्याची गोष्ट अशी, की मामाजी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये चौतीस वर्षं कापसाची प्रत ठरवायचे. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, चिमूट दोन अंगठ्यांत धरून ओढायची, धागा किती लांब निघतो ते पाहायचं, बोटांना काय लागतं ते ऐकायचं, आणि एका शब्दात निकाल द्यायचा. त्यांच्या निकालाला कुणी आव्हान दिल्याचं ऐकिवात नाही. निवृत्तीच्या वेळी मालकांनी प्रेमानं विचारलं, शाल देऊ की घड्याळ? मामाजी म्हणाले, पॉलिशर. मालकांच्या मोटारीला एकदा नागपूरचा एक कारागीर पॉलिश करून गेला होता आणि मामाजी त्या दिवशी जेवण विसरून त्याच्याजवळ उभे राहिले होते, ही गोष्ट मालकांच्या लक्षात असायचं काही कारण नव्हतं. निरोप समारंभात मामाजींना गुलाबाच्या हारासोबत बुटांच्या पॉलिशचे दोन डबे आणि एक ब्रश मिळाला. मामाजींनी भाषणात आभार मानले, डबे परत दिले, आणि तिथंच टेबलावर कागद घेऊन मशीनचं चित्र काढून दाखवलं. आठवड्यानं मशीन आलं. मामाजींकडे तेव्हा गाडी नव्हती. आजही नाही. सायकलीपलीकडे त्यांनी आयुष्यात काही चालवलेलं नाही.

पण गाडीच्या रंगाबद्दल त्यांना जे कळतं ते गाडीवाल्यांच्या सात पिढ्यांना कळणार नाही. पत्र्याची परीक्षा करायची त्यांची पद्धत कापसाचीच. खिशातून दुधाची धुतलेली रिकामी पिशवी काढायची, ती हातात मोज्यासारखी घालायची आणि ओल्या बॉनेटवरून बोटं फिरवायची. उघड्या बोटांना जे लागत नाही ते प्लास्टिकमधून लागतं, हे त्यांनी मला करून दाखवलं. मला गुळगुळीत वाटणारी गाडी पिशवीतून चक्क रव्यासारखी लागली. डोळे मिटून ते सांगायचे, "ह्या गाडीवर बाभळीची सावली पडते. हा फेव्हिकॉलसारखा जो कन लागून राहिला, तो डिंक हाय." आमच्या गाडीला खरंच समोरच्या बाभळीची सावली होती.

माणसांची पारखही ते गाडीवरूनच करत. चांदूर बाजारला एका नात्यातल्या लग्नात अक्षता पडायच्या वेळी मामाजी गायब. शोधाशोध झाली. ते सापडले मांडवामागे, जिथं वऱ्हाडाच्या गाड्या लावल्या होत्या तिथं, हातात बॅटरी, नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीसमोर उकिडवे बसलेले. मुलीचे वडील धापा टाकत आले तर मामाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पोरगा चांगला असन. पन ह्यायच्या घरी गाडी केरसुणीनं झाडतेत. पाहा ह्या रेघा. सांभाळून राहा म्हनाव पोरीले." पुढे आख्ख्या संसारात त्या मुलीला सासरी काही त्रास झाला नाही, पण गाडी मात्र खरोखरच केरसुणीनं झाडत होते, असं तिनं स्वतः सांगितलं. मला पसंत केलं तेही मामाजींनीच. आम्ही मुलगी बघायला अकोल्याला गेलो तेव्हा घरातले सगळे माझा पगार, माझी शेती, माझा स्वभाव यांची चौकशी करत होते. मामाजी तेवढ्यात बाहेर जाऊन माझ्या जुन्या स्कूटरची प्रदक्षिणा घालून आले आणि बहिणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पोट्टं गाडी सावलीत लावते. देऊन टाक." वैशाली कॉलेजची पाच वर्षं मामाजींच्याच घरी राहून शिकली होती. त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं, आणि भाचीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता. बहिणीनं देऊन टाकली.

आमचं जे झालं त्यात सांगण्यासारखं फार नाही. भांडण म्हणावं असं भांडण कधी झालं नाही. तिला बंगळूरला नोकरी लागली, माझं इथं ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवणं चाललं होतं. फोन रोज एक तास, मग अर्धा तास, मग "जेवलास का" एवढाच. सहाव्या वर्षी आम्ही दोघांनीही शांतपणे सह्या केल्या, आणि कोर्टाबाहेर एकाच टपरीवर चहा प्यायलो. तिनं फक्त तिची पुस्तकं नेली. गडद निळी गाडी, जी दोघांनी मिळून रंग ठरवून घेतली होती, माझ्या पोर्चमध्ये राहिली.

तर त्या गाडीला पॉलिश करायला मामाजी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येऊ लागले. अकोल्याला नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं, अमरावतीचा त्या मानानं भरवसा. म्हणून आधी नळाची चौकशी. गाडी धुवायची, चिकणमातीसारख्या एका गोळ्यानं पत्रा घासून त्यातले बारीक कण काढायचे, रबराच्या पट्ट्यांवर आणि कडांवर कागदी टेप लावायची, आणि मग मशीन. माझं काम वायर खांद्यावर टाकून मागे उभं राहणं, म्हणजे ती रंगाला घासणार नाही. मशीन चालू असताना बोलायचं नाही. दोन फूट चौकोनात पॉलिशच्या मसाल्याचे चार ठिपके, आधी हळू फिरवून पसरायचा, मग आडवे हात, मग उभे हात. मशीन दाबायचं नाही, त्याचं त्याचं वजन पुरे. मधूनच उलट्या हातानं पत्र्याला हात लावून ताप बघायचा, लेकराच्या कपाळाला लावावा तसा. आवाज मिक्सरपेक्षा मोठा आणि गिरणीपेक्षा लहान. शेजाऱ्यांनी सुरुवातीला खिडक्या लावून घेतल्या. नंतर त्यांनाही त्या आवाजानं दुसरा रविवार कळू लागला.

पहिल्यांदाच मी विचारलं होतं, हे मशीन साध्या घासायच्या मशीनपेक्षा वेगळं काय? मामाजींनी त्याचा पॅड हळू फिरवून दाखवला. पॅड स्वतःभोवती फिरत होता आणि फिरता फिरता एका छोट्या वर्तुळात सरकतही होता. "नुसतं गरगर फिरलं तं एकाच जागी घासते, रंग जळते. हे फिरते बी अन् सरकते बी." मी भूगोलाचा मास्तर. मी उत्साहानं म्हणालो, "हे तर पृथ्वीसारखं झालं! परिवलन आणि परिभ्रमण." मामाजी विचारात पडले. "म्हंजे पृथ्वी बी पॉलिश करून राहिली?"

"कुणाला?"

"ते मले कावून पुसता? मास्तर तुमी की मी?"

आता, ज्याला या कामातलं थोडंफार कळतं त्याला एव्हाना शंका आली असेल. मला यायला चार महिने लागले. गाडीचा रंग म्हणजे काही कांद्याची सालं नव्हेत. त्यावरचा पारदर्शक थर कागदाहून पातळ असतो, आणि मशीननं दर खेपेला तो थोडा थोडा कमी होतो. वर्षातून एकदा केलं तरी पुष्कळ. हे मामाजींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणून त्यांनी काय केलं, तर एका दिवसाचं काम वर्षभर पुरवलं. एका रविवारी एकच भाग. डावा पुढचा दरवाजा एका महिन्यात, डावा मागचा पुढच्या महिन्यात, मग डिकी, मग छत. मी एकदा मोजलं. गाडीचे असे तेरा भाग होते आणि वर्षाचे महिने बारा. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "अधिक महिना धरा न." त्यामुळे आमची गाडी कधीच एकसारखी चमकली नाही. एखादा दरवाजा आरसा, शेजारचा दरवाजा जुनं ताट. सिग्नलला लोक वाकून बघायचे. अपघात होऊन दुसऱ्या गाडीचे दरवाजे बसवलेत असं त्यांना वाटत असावं. काम दीडदोन तासांत संपायचं. मग मामाजी दुपारच्या तीनच्या बसपर्यंत थांबायचे.

त्या मधल्या वेळात आम्ही काय करायचो, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी खिचडी करायचो, कारण मला तेवढंच यायचं. ते पहिला घास घेऊन म्हणायचे, "बरी झाली. मीठ कवा टाकनार?" मी मीठ आणायचो. ते मशीनचा पॅड धुऊन उन्हात वाळत घालायचे, एकेक फडकं घडी घालायचे. कापसाच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या वर्षी ओला कापूस आला, कुठला व्यापारी गाठीत मधोमध सरकी भरायचा आणि ती त्यांनी वासावरून कशी ओळखली. वैशालीचं नाव त्या पहिल्या दिवसानंतर त्यांनी एकदाही घेतलं नाही. मीही नाही. पण जेवताना ते नेहमी माझ्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसायचे आणि उजवीकडची, तिची, रिकामी ठेवायचे. माझ्या घरात महिनाभरात ज्या काही गोष्टी मोठ्यानं बोलल्या जायच्या त्यातल्या बहुतेक त्या एका रविवारी बोलल्या जायच्या. बाकी दिवस मी वर्गात पंचेचाळीस पोरांसमोर बोलायचो आणि घरी येऊन फ्रीजचा आवाज ऐकायचो.

असं दोन वर्षं चाललं. मग मी गाडी विकायचं ठरवलं. कॉलेज चालत दहा मिनिटांवर, एकट्यानं लांब जायचं कुठं? गाडी आता केवळ पॉलिश होण्यापुरती उरली होती. खरं सांगायचं तर मला रोज सकाळी दार उघडल्यावर ती निळी गाडी बघायची नव्हती. मामाजींनी चमकवलेल्या दरवाज्यात मला एकटाच उभा असलेला मी दिसायचो. बाळापूरचा एक तरुण शिक्षक गाडी घ्यायला तयार झाला. मी मामाजींना फोन केला. त्यांनी आधी गिऱ्हाईक कोण ते विचारून घेतलं. मग ते म्हणाले, "अशी चट्टेपट्टेवाली गाडी देनं बरोबर नाई. पूर्ण करा लागन."

गिऱ्हाईक रविवारी दुपारी येणार होतं. मार्च उतरणीला लागला होता, उन्हात पत्रा तापतो, म्हणून मामाजी शनिवारी संध्याकाळीच आले, धुणं-घासणं रात्रीच उरकलं आणि आम्ही पहाटे पाचला मशीन काढलं. तेरा भाग एका दिवसात. त्या दिवशी त्यांनी कापसाची एकही गोष्ट सांगितली नाही. दरवाजे झाले, छत झालं, डिकी झाली. सूर्य वर आला, गाडी अशी दिसू लागली की शोरूममधून आणली तेव्हाही दिसली नव्हती. दहाच्या सुमाराला फक्त बॉनेटचा उजवा कोपरा राहिला. मामाजींनी आडवे हात मारले, उभे हात मारले. झालं. मी वायर खांद्यावरून काढली. पण मशीन काही थांबेना. ते त्याच दोन फुटांवर फिरवत राहिले. पुन्हा आडवे, पुन्हा उभे. उलट्या हातानं ताप बघणं नाही, काही नाही. कडेची टेप कधीच सुटली होती. "मामाजी!" मी ओरडलो. मशीन चालू असताना मी बोललो ती तेवढीच एक वेळ.

त्यांनी बटण बंद केलं. बॉनेटच्या कडेला, बोटभर लांब, निळा रंग निघून खालचा पांढुरका थर उघडा पडला होता.

चौतीस वर्षं ज्यांच्या बोटांना कुणी बोट दाखवलं नव्हतं ते मामाजी पोर्चच्या पायरीवर बसले. मशीन मांडीवर. मी म्हणालो, "जाऊ द्या, टेप सुटली."

"टेपीचं नाव नका घेऊ. झालं होतं ते," ते म्हणाले. "मले मालूम होतं, झालं म्हनून. पन मशीन बंद केलं की मंग..." मी आत जाऊन पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं, पण प्यायले नाहीत, नुसता पेला धरून बसले.

दुपारी बाळापूरचा शिक्षक आला. मी त्या कोपऱ्यासमोर उभा राहून बोलत होतो, हे कबूल करतो. मामाजींनी मला बाजूला केलं. त्यांनी दुधाची पिशवी काढून त्या बिचाऱ्याच्या हातात घातली, त्याला आख्ख्या गाडीवर हात फिरवायला लावला, आणि शेवटी त्याचं बोट त्या पांढऱ्या डागावर नेऊन ठेवलं. "हे पाहा. हे माह्या हातानं झालं. गाडीचा दोष नाई, जवाईबापूचा बी नाई."

तो शिक्षक हसला. "काका, बाकी गाडी तं आरसा हाय. एवढ्यानं काय होते?"

मग मामाजींनी त्याला अर्धा तास उभं करून गाडी कशी धुवायची ते सांगितलं. दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची, उन्हात नाही, केरसुणी तर नाहीच नाही, लग्नाला सजवायला दिली तर चिकटपट्टी रबरावर, रंगावर नाही. तो प्रत्येक वाक्याला "हाव काका, हाव काका" म्हणत होता. गाडी फाटकातून बाहेर पडून वळणाआड गेली. मामाजींनी फडकी घडी केली, पिशवी छातीशी धरली आणि तीनच्या बसऐवजी दीडच्याच बसनं गेले.

पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार आला. मी साडेसहाला उठून बसलो. कुणी आलं नाही. मे महिन्यातही नाही. जूनच्या दुसऱ्या रविवारी मी नळाचं पाणी भरून घेतलं, रिकाम्या पोर्चमध्ये उभा राहून बादलीकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की संसाराची सहा वर्षं आणि नंतरची दोन, एवढ्या काळात मी मामाजींच्या घरी आपणहून एकदाही गेलो नव्हतो. नेहमी तेच आले होते. मी शर्ट चढवला आणि अकोल्याची बस पकडली.

त्यांची गल्ली मला अर्धवट आठवत होती. कोपऱ्यावर एका बाईंना पत्ता विचारला. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि चेहरा उजळला. "तुमी अमरावतीचे जवाई न? या न, या! मामा रोज सांगत राह्यते तुमचं. आमच्या जवायानं हे केलं, आमचे जवाई भूगोलाचे मास्तर हायेत, पृथ्वीचं सारं मालूम हाय त्यायले." त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि वाटेत आणखी दोघींना ओरडून सांगितलं, "मामाचे जवाई आले वं!"

मामाजी घरात होते. खोली एकच, आणि खोलीत लोखंडी कपाट असं लखलखत होतं की त्यात मला माझा शर्ट चुरगळलेला दिसला. गाडी मिळेना म्हणून त्यांनी कपाटाला पॉलिश केलं होतं. कपाट झाल्यावर पिठाचा डबा. डब्यानंतर बहुधा काही उरलं नव्हतं, कारण मशीन टेबलावर फडक्याखाली झाकलेलं होतं. मला पाहून ते उठले, आणि मग मागून आलेल्या त्या बाईंना पाहून त्यांचा चेहरा असा उतरला की मला आधी कळेचना.

बाई पाच मिनिटांत पोहे घेऊन आल्या. बशी माझ्या हातात देत म्हणाल्या, "अन् वैशूबाई नाई आल्या? लय दिवस झाले पायलं नाई. भायरच्या वसरीत बसून अभ्यास करे."

मामाजी खाली फरशीकडे बघत होते. दोन वर्षं. या माणसानं दोन वर्षं गल्लीत कुणालाही काही सांगितलं नव्हतं. दर महिन्याला पहाटे पिशवी घेऊन निघताना "पोरीकडे चाललो" एवढंच सांगत असणार. खरं सांगणं माझ्या तोंडात अगदी जवळ आलं होतं. कोर्टात मी ते किती सहज सांगितलं होतं. मी पोह्यांचा एक घास घेतला. "या वेळी नाही जमलं तिला," मी म्हणालो. "बंगळूरला काम आहे. आठवण काढते तुमची."

"काढनच न," बाई खूश होऊन म्हणाल्या आणि लिंबू आणायला गेल्या.

मामाजींनी दाराकडे पाहून आवाज खाली केला. "वैशूचं जमलं हाय, बंगलोरले. हिवाळ्यात लग्न हाय."

"बरं झालं," मी म्हणालो, आणि आश्चर्य म्हणजे मला ते खरंच वाटलं.

"ते तुमाले सांगाचं होतं. कसं सांगू? म्हनून आलो नाई." ते अंगठ्यानं अंगठा चोळत होते, मधे रुई असल्यासारखा. "माह्यी बहीन म्हने, पोराले पाहून ये, तुहा शब्द शेवटचा. म्या नाई म्हनलं. म्या ग्रेड लावनं सोडलं. एकदा लावली होती, ते..."

"तुमची ग्रेड चुकली नव्हती, मामाजी."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तेच मी रोज स्वतःले सांगतो. दोन्ही रुई एक नंबर होती. पन एका गाठीत बांधाची नव्हती, बाप्पा. काही रुई चांगली असते अन् तरी एका गाठीत जमत नाई. हे मले चौतीस वर्षं मालूम होतं. अन् घरच्याच मालाले नाई पायलं."

मी त्यांच्या डाव्या बाजूला सरकून बसलो, आणि आम्ही दोघांनी मिळून एका बशीतले पोहे संपवले. मग त्यांनी विचारलं, "गल्लीत काय सांगू लोकायले?" मी म्हणालो, सांगायचं तेव्हा सांगा. ते म्हणाले, "थंडी पडू द्या. उन्हायात लोकायचं डोस्कं गरम राह्यते." एवढं बोलून ते हसले, आणि मीही. दुपारभर आम्ही बसलो. काम काहीच नव्हतं, तरी मला तीनची बस चुकवायची बुद्धी झाली, आणि मग चारची चुकली ती आपोआप.

निघताना ते स्टँडवर आले. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते, रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे. बोरगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं पेरणीची वाट बघत पडली होती. मी एकटाच खिडकीत बसून विचार करत होतो की मामाजी याच रस्त्यानं, अशाच बसनं, चोवीस वेळा परत गेले. मांडीवर मशीन, आणि पुढे कुलूप लावलेली खोली. मी एकदाही विचारलं नव्हतं, नीट गेलात का.

अमरावतीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. फाटक उघडलं, कुलूप काढलं. पोचलो असं कुणाला कळवायची वेळ गेल्या दोन वर्षांत माझ्यावर आली नव्हती. दिवा लावायच्या आधीच मी खिशातून फोन काढला. पहिल्या घंटीलाच त्यांनी उचलला.

"पोचले का?"

"पोचलो, मामाजी."

"बरं झालं," ते म्हणाले. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता, इकडून फ्रीजचा. बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.